लाभ, दोन, तीन

समोरच्या घरात भाड्यानं राहायला आलेल्या त्या हनुमानाला रीत म्हणून काही नव्हतीच. शेजारी राहायला आलं तर आधी चार घरी जाऊन आपण कोण, कुठले ते सांगावं. बायामाणसांच्या दारासमोर उभं राहिलं तर नजर खाली असावी. दुसऱ्याच्या भिंतीवर काही ठेवायचं तर विचारून ठेवावं. एवढं आमच्या दिंद्रुडात शेंबड्या पोरालाही कळतं. हा मात्र येऊन चार दिवस झाले नाहीत तो माझ्या अंगणाच्या भिंतीवर बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा ठेवून खुशाल चहा प्यायला निघून गेला. डब्याचं तोंड माझ्या दाराकडे.

नाव हनुमान. ज्या देवाचं नाव घेतलं त्यानं जन्मभर बाईमाणसाकडं मान वर करून पाहिलं नाही, आणि ह्याचा डबा बघा कुठं तोंड करून बसलाय.

मला काय ठाऊक तो कॅमेरा आहे म्हणून. आतून काळा रंगवलेला, झाकणाला चिकटपट्टी, पुढं सुईच्या टोकाएवढं भोक. मला वाटलं, कुणी टाकून दिलेला डबा. चांगला पत्रा वाया कशाला घालवायचा? मी चिकटपट्टी ओढून काढली, आतला काळा कागद झटकून टाकला आणि म्हशीला भुसा घालायला डबा घेतला.

हा पळत आला तेव्हा तिसरं माप चाललं होतं. दारात उभा राहून त्यानं भुशानं भरलेला डबा पाहिला, उकिरड्याजवळ पडलेला कागद पाहिला, आणि घरात कुणी गेल्यासारखा मटकन खाली बसला. मोजून उजेड खाल्लेली फिल्म होती म्हणे ती. मी म्हटलं, आमची म्हैस भुसा खाते, तुझा डबा उजेड खातो, ज्याचं त्याचं नशीब.

नेमकी तेवढ्यात माझी वैष्णवी शाळेतून आली. ती माझं शेंडेफळ. डी.एड. झालेली, इथल्याच शाळेत शिकवते. स्कूटी दारात लावता लावता तिनं सगळा देखावा बघितला – भुसा, डबा, तोंड पाडून बसलेलं ते ध्यान – आणि अशी खळखळून हसली की दारातल्या कडुलिंबावरचे कावळे उडाले.

तेव्हा त्या पोराची मान पहिल्यांदा वर झाली. आणि झाली ती तशीच राहिली…

ते मला तिथंच खटकलं होतं. पण पुढचं सांगण्याआधी माझ्या कोठीच्या खोलीचं सांगायला पाहिजे. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मी ह्या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. नव्या सुनेनं मान वर करायची नाही, असा सासूबाईंचा दंडक. नवऱ्याला लग्नात पाहिलं ते मुंडावळ्यांच्या आडून, घरात पाहिलं ते टाचांपासून पोटऱ्यांपर्यंत. माणूस कसा दिसतो विचारलं असतं तर मी त्यांच्या पायांच्या भेगा सांगितल्या असत्या.

एका सकाळी सासूबाईंनी ज्वारी काढायला पाठवलं. कोठीची खोली म्हणजे अंधारगुडूप. एक खिडकी नाही. पत्र्याचं दार, तेही ओढून घ्यायचं, नाहीतर कोंबड्या आत शिरतात. मी दार ओढलं आणि कोठीपाशी वाकले. आमची कोठी पत्र्याची, पुरुषभर उंच. तिला खाली टीचभर सरकतं दार असतं. ते वर उचललं की ज्वारी धबधबा सुपात पडते, खाली सोडलं की बंद.

दार उचललं… आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर मला आमची गल्ली दिसली.

उलटी. लिंबाचं झाड शेंडा खाली करून लोंबकळत होतं. आभाळ भुईवर सांडलं होतं, निळं, पातळ, ताकाच्या निवळीसारखं. त्यावरून एक शेळी पाय वर करून चालत गेली. मागं बघितलं तर पत्र्याच्या दाराला खिळ्याचं एक भोक, आणि त्यातून उजेडाची काडी आत आलेली. एवढंच.

मी घाबरले नाही, हे खरं सांगते. का नाही, ते मलाही कळलं नाही. मग त्या भिंतीवरून डोकं खाली, पाय वर असा एक माणूस चालत आला. लिंबाखाली थांबला. डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं. आणि आमच्या घराकडे बघून हसला. एकटाच. घरात तेव्हा सासूबाई होत्या, म्हैस होती आणि मी होते. सासूबाईंकडे बघून कुणी हसत नसे.

नवऱ्याचं तोंड मी असं पहिल्यांदा बघितलं. धुरकट, हाताएवढं, उलटं. मी ते मनात सरळ करून घेत राहिले… आणि भानावर आले तेव्हा ज्वारीत घोट्यापर्यंत बुडाले होते. कोठीचं दार माझ्या हातात उघडंच होतं.

सासूबाईंनी माहेरचा उद्धार केला. मी ऐकून घेतला. कावून सांडली, का सांडली म्हणून विचारलं, ते मात्र सांगितलं नाही. पुढं बेचाळीस वर्षं झाली. माझे मालक सुंदरराव जाऊन आता आठ वर्षं. त्यांनाही सांगितलं नाही. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात मी अजून कधी कधी सूप घेऊन त्या खोलीत जाते, आणि सगळे समजतात आई ज्वारी काढतेय.

तर हा हनुमान. गावातल्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम. मूळचा नेकनूरचा. घरी आई एकटी, तीन एकर कोरडवाहू. हे सगळं मला खाजामियाँनी सांगितलं, ज्यांच्या घरात तो भाड्यानं राहत होता. खाजामियाँ म्हणजे आमच्या गल्लीतले पत्र्याचे कारागीर. कोठ्या, कूलर, पेट्या, सगळं त्यांच्या हातचं. माझी कोठी त्यांच्या वडिलांनी केलेली. पोराला असल्या डब्यांचा नाद होता. दवाखान्यातल्या जुन्या फिल्मा आणायचा, आणि भंगारातल्या पत्र्यांतून कॅमेरे जुळवत बसायचा.

डब्याची माफी मागायला तो दुसऱ्या दिवशी आला. डब्याच्या मागच्या बाजूला तेलकट कागद ताणून लावला होता. माझ्या हातात देऊन म्हणाला, डोक्यावरून पदर पुढं ओढा आक्का, अंधार करा, अन् बघा.

बघितलं. तेलकट कागदावर आमची गल्ली होती. लिंब लोंबकळत होता. आभाळ भुईवर सांडलं होतं.

पदराच्या आत माझं काय झालं ते मलाच ठाऊक. कुणी आपली पेटी उघडून आतली घडी मोडावी तसं झालं. बाहेर तोंड काढून मी म्हटलं, उलटं दिसतंय, बिघडलाय तुझा डबा. तो हसला. बिघडला नाही, उजेड सरळ रेषेत चालतो म्हणून असं होतं, वरचं खाली नि खालचं वर, असं काय काय सांगत बसला. मी ऐकत नसल्यासारखं सगळं ऐकलं. बेचाळीस वर्षांनी कुणीतरी मला सांगत होतं, की मी तेव्हा वेडी झाले नव्हते.

त्या दिवसापासून मी त्याला हाकलायचं सोडलं.

पण त्याचं काम मला बघवेना. भोकावर काळी पट्टी चिकटवायची, फोटोच्या वेळी ओढून काढायची, पुन्हा लावायची. प्रत्येक वेळी डबा हलायचा आणि फोटोत लिंबाला दोन शेंडे यायचे. मग काडेपेटीचं खोकं लावून बघितलं, ते उन्हानं वाकलं. मग बाटलीचं झाकण, ते उघडायला दोन हात लागायचे. वैष्णवी शाळेतून आली की भिंतीपाशी थांबायची आणि आज काय बिघडलं म्हणून विचारायची. तो सांगायचा, आणि सांगता सांगता अजून एक बिघडवायचा. तिनं एकदा म्हटलं, सर, आमच्या चौथीच्या पोरांना विचारू का? तर म्हणतो कसा, विचारा की, पण उत्तर सांगायला तुम्हीच या.

मला हे असलं बोलणं कळत नाही असं दोघांना वाटत होतं.

शेवटी मीच त्याला ओरडून आत बोलावलं. कोठीच्या खोलीत नेलं. दार मात्र सताड उघडं ठेवलं, म्हणजे भिंतीवर काही दिसायला नको. कोठीच्या खालचं दार दाखवलं. दोन्ही बाजूंना पत्रा दुमडून केलेल्या खाचा, त्यात वर-खाली सरकणारी पत्र्याची चीप. मी ती एका बोटानं उचलली आणि सोडली. अर्धा शेर ज्वारी पडली, एक दाणा जास्त नाही.

तो गुडघ्यावर बसून बघत राहिला. बोट लावून खाच चाचपली. मग म्हणाला, आक्का, पुन्हा एकदा दाखवा. मी चारदा दाखवलं. ज्वारी तशीही काढायचीच होती.

त्याच संध्याकाळी खाजामियाँनी त्याला तसंच एक दार करून दिलं, नखाएवढं. चीप कोल्ड्रिंकच्या फेकलेल्या डबड्याची, खाचा तेलाच्या पिंपाच्या काठाच्या, उजेड गळू नये म्हणून आतून सायकलच्या ट्यूबची किनार. चीप सोडली की चटकन खाली बसावी म्हणून एक रबर. कामात खोट नव्हती. पण ते रबर निळं होतं, चमकीचं, आणि वैष्णवीची वेणी त्या दिवशी साध्या दोऱ्यानं बांधलेली होती.

डोळे फक्त फोटो काढणाऱ्यालाच असतात असं थोडंच आहे.

मोजायलाही मीच शिकवलं. हा पठ्ठ्या घाईत एक-दोन-तीन पळायचा, नाहीतर मधेच रेंगाळायचा. मी म्हटलं, मापानं मोज. ज्वारी मोजताना आम्ही पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ… दोन… तीन… प्रत्येक आकड्याला हात भरायचा, रिता करायचा. त्यात घाई होत नाही. तो भिंतीवर हात आपटत म्हणत बसला, लाभ, दोन, तीन. वैष्णवी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिची थापही त्याच ठेक्यात पडायला लागली. मला ऐकू येत होतं.

चैत्र लागला. लिंबाला तुरे आले, गल्लीभर त्यांचा कडवट गोड वास. एका सकाळी सूप घेऊन मी कोठीच्या खोलीत गेले, दार ओढलं, आणि भिंतीकडे बघितलं.

ती दोघं होती. उलटी, हाताएवढी. अंगणाच्या भिंतीच्या अलीकडे माझी लेक, पलीकडे तो, मधे डबा. आवाज येत नव्हता. भिंतीवर कधीच आवाज येत नाही, म्हणून तर तिथं खरं काय ते दिसतं. लिंबाची फुलं खालून वर पडत होती. तिच्या केसात एक अडकलं. त्यानं हात पुढं केला… आणि मधेच थांबवला. हात हवेतच राहिला. मग त्यानं स्वतःच्या केसाला हात लावून कुठं ते दाखवलं. तिनं फूल काढलं, पण टाकलं नाही. त्याच्या डब्यावर ठेवलं.

एवढंच. शिवलाही नाही तो तिला.

पायाला काहीतरी गार लागलं म्हणून खाली बघितलं, तर ज्वारी. घोट्यापर्यंत.

मला राग आला. कुणाचा ते विचारू नका. कारण त्याच आठवड्यात तात्याबा एक स्थळ घेऊन आले होते. तात्याबा म्हणजे माझे चुलत दीर, तालुक्यातली निम्मी लग्नं त्यांनीच जुळवलेली. स्थळ माजलगावचं. धरणाच्या पाण्याखालची, ओलिताची जमीन, बारा महिने ऊस, दारात ट्रॅक्टर. चार लेकींपैकी एक तरी पाण्याखालच्या घरात देईन असं मी गल्लीत दहा जणींपुढं बोलून बसले होते. थोरल्या तिघी कोरडवाहूत गेल्या, कळशी त्यांच्या कमरेवरून उतरली नाही. गल्लीत विजयमालेचा, म्हणजे माझा, शब्द म्हणजे शब्द. आणि हा नेकनूरचा तीन एकरवाला माझा शब्द मोडायला निघाला होता, डबा घेऊन.

तात्याबांनी मुलीचा फोटो मागितला. वैष्णवीच्या मोबाईलमध्ये शंभर असतील. पण मी हनुमानाला बोलावलं. म्हटलं, पाव्हण्यांना दाखवायला वैशूचा फोटो पाहिजे. तुझ्या डब्यानं काढ. चांगला काढ. माजलगावच्या मुलाला पसंत पडला पाहिजे.

मुद्दाम केलं. त्याला त्याची जागा कळावी म्हणून, आणि तिलाही.

त्याचं तोंड उतरलं, पण मान खाली घालून हो म्हणाला. वैष्णवी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं हिरवं पातळ नेसलं आणि लिंबाखाली खुर्चीवर येऊन बसली. अशी बसली, की जणू मी तिला तोलायला तराजूत ठेवलंय.

सकाळचे दहा. सावलीत ऊन चाळून पडत होतं. त्यानं डबा स्टुलावर ठेवला, वर वीट ठेवली. पंधरा मापं उजेड लागेल म्हणाला, तोवर हलायचं नाही. मी ओट्यावर बसले होते, सूप मांडीवर घेऊन.

त्यानं बोटानं चीप उचलली.

"लाभ," तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघत होती.

"दोन… तीन…"

फुलं पडत होती. आता खालून वर नाही, वरून खाली.

"चार… पाच… सहा… सात…"

आणि तो थांबला. आठ आलाच नाही. बोट चिपेखाली, डोळे समोर. गल्लीतून एक सायकल गेली, खाजामियाँची ठोकठाक बंद पडली, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. तो बघत होता. ती बघत होती. निळं रबर ताणून ताणून पातळ झालेलं मला इथून दिसत होतं.

मी मनातल्या मनात मोजत होते. वीस. चाळीस. साठ. मी सांगू शकले असते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मला त्या भिंतीवरचा रुमालवाला दिसायला लागला, तोंड पुसणारा… आणि माझेही आकडे चुकले.

शेवटी म्हैस हंबरली. त्यानं दचकून बोट काढलं. टक्कन चीप बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. हातात फिल्म. वैष्णवी दारात उभी राहिली, चौकट धरून. तात्याबा माझ्याकडे चहा पीत बसले होते, फोटो न्यायला आलेले. फिल्म काळीकुट्ट होती, तव्याच्या बुडासारखी.

तात्याबा हसले. म्हणाले, डब्याच्या दारात खोट असेल, भंगाराचंच ते. त्याला सुटायला वाट करून दिली त्यांनी.

तो म्हणाला, "दारात खोट न्हाई, मामा. आक्काची कोठी अन् खाजामियाँचा हात हाय तो. मी मोजायचं विसरलो."

"कावून विसरलास?" मी विचारलं.

त्यानं फिल्म माझ्यापुढं धरली. खोटं बोलला नाही. कान लाल झाले होते.

मी फिल्म त्याच्या हातातून घेतली, ओट्यावर आले आणि उन्हाला धरली. आधी काही दिसेना. मग डोळे सरावले, आणि त्या काळ्यात अजून काळी अशी माझी लेक हळूहळू वर आली. एक्स-रेत हाडं येतात तशी. फिल्मवर रंगही उलटे, केस पांढरे, तोंड सावळं, म्हातारपणी दिसेल तशी. पातळाची घडी न घडी. कानातल्या डुलाची कडा. पदराला लागलेलं फूल, त्याच्या पाकळ्यासुद्धा.

काहीच हललेलं नव्हतं.

ही पोरगी जेवताना पाय हलवते. झोपेत कूस बदलून बदलून गोधडी खाली टाकते. लहानपणी हिला न्हाऊ घालायला दोघी लागायच्या. ती एवढा वेळ बसली, आणि डुलाची कडासुद्धा पुसट झाली नाही.

मी तिच्याकडे वळले. विचारलं, "अवघडली न्हाईस व्हय गं?"

ती चौकटीचा रंग नखानं खरवडत होती. हळू आवाजात म्हणाली, "मला हलावंसंच वाटलं न्हाई, आई."

तात्याबांनी कप खाली ठेवला. मी त्यांना सांगितलं, माजलगावला कळवा, विजयमालेनं शब्द मागं घेतला. पहिल्यांदाच घेतेय, म्हणून नीट कळवा. पाण्याखालचं घर मिळालं नाही तर नाही, नेकनूरला बोअर घेता येतो. दहा जणी हसतील, त्यांच्याशी मी बघून घेईन.

मग मी त्या बेशिस्त पोरापुढं जाऊन उभी राहिले. ती फिल्म मी त्याला परत दिली नाही. ती आता माझ्या कोठीच्या खोलीत आहे, भिंतीला लावलेली. त्याची मान अजून खाली होती. तोंडावर सांगितलेलं बरं, म्हणून सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं.

"हनुमंता, फोटो काढणं तुझं काम न्हाई. दार उचलायचं कळतं, टाकायचं कळत न्हाई तुला. दुसऱ्याच्या ज्वारीवर तुला बसवला तर घर बुडवशील. पर माझ्या लेकीकडं बघताना सातच्या पुढं मोजणारा जावई मलाबी नको हाय. रविवारी आईला घेऊन ये. अन् ह्या बारीला भिंतीवरनं न्हाई, दारातनं ये."